सेव्ह झालं, पण डिस्कवर गेलं का?

जत्रेतलं नाटक पहाटे संपतं. रेकॉर्डिंग करणाऱ्या काकांभोवती मंडळी जमतात, ज्याला त्याला पेनड्राइव्हवर नाटक हवं असतं. लॅपटॉपवरची पट्टी सरसर पुढे सरकते आणि टोकाला पोचते. "काका, झालं? काढू काय?" "काढ." घरी जाऊन लावल्यावर दुसऱ्या अंकाच्या मध्यावर चित्र थिजतं आणि दोष पेनड्राइव्हच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा पेनड्राइव्हची चूक नसते. पट्टी टोकाला पोचली तेव्हा त्या अंकाचा बराचसा भाग लॅपटॉपच्या मेमरीतच होता, पेनड्राइव्हवर उतरायचा होता.

"सेव्ह" म्हटलं की मजकूर डिस्कवर गेला, असं आपण धरून चालतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल तसं कधीच कबूल करत नाही. तो नेमकं काय कबूल करतो, हे संगणकावर हिशेब, फोटो, रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. आपल्या गोव्यात तर जास्तच. सत्तरीत, डिचोलीत पावसाळ्यात एखादी माडाची झावळी तारेवर पडते आणि पुढचं वाक्य टाइप होण्याआधी वीज गेलेली असते.

पुढची उदाहरणं लिनक्स या कर्नलची आहेत, कारण त्याच्या आत कुणालाही डोकावता येतं. अँड्रॉइड फोनमध्ये हाच कर्नल असतो. विंडोज आणि मॅकमध्ये आकडे नि नावं वेगळी असली तरी मूळ रीत हीच.

एखादा प्रोग्राम फाईलमध्ये काही लिहितो, तेव्हा तो डिस्कशी बोलत नाही. तो कर्नलला म्हणतो, हे एवढे बाइट या फाईलमध्ये अमुक जागी लिही. कर्नल ते बाइट स्वतःच्या ताब्यातल्या मेमरीत उतरवून घेतो. मेमरीच्या या भागाला पेज कॅशे म्हणतात. त्याचे सारख्या मापाचे तुकडे असतात. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर एक तुकडा, म्हणजे एक पेज, ४ किलोबाइटचं. ज्या पेजमध्ये नवा मजकूर आला त्यावर "डर्टी" अशी खूण होते, म्हणजे मेमरीतली प्रत ताजी आणि डिस्कवरची शिळी. खूण झाली की कर्नल प्रोग्रामला "झालं" असं कळवून मोकळा होतो. डिस्कला अजून कशाचाच पत्ता नसतो.

एवढी घाई कशासाठी? कारण दोन्हींच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेमरीत काही किलोबाइट उतरवायला सेकंदाचा लाखावा हिस्सासुद्धा लागत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कचा एक फेराच ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त असतो, आणि योग्य जागेवर सुई नेण्याचा वेळ वेगळा. प्रत्येक वेळी प्रोग्रामला डिस्कसाठी थांबवून ठेवलं, तर आजचा संगणक वीस वर्षांपूर्वीच्या संगणकासारखा रेंगाळेल. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, कितीतरी पट चपळ, तरी मेमरीची बरोबरी तिलाही जमत नाही.

उशिरा लिहिण्याचे आणखी फायदे आहेत, आणि ते मला वेगाइतकेच महत्त्वाचे वाटतात. देवस्थानच्या हिशेबाच्या फाईलमध्ये एका मिनिटात एकाच पानावर दहा बदल झाले, तर डिस्कवर दहादा लिहायचं कारण नाही, शेवटचं एकदा लिहिलं की पुरे. कित्येक प्रोग्राम तात्पुरत्या फाईली तयार करतात आणि काही क्षणांत पुसून टाकतात. त्या डिस्कवर पोचायच्या आतच नाहीशा होतात आणि तेवढं काम वाचतं. थांबल्यामुळे शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून एका दमात लिहिता येतात. वाचतानाही हाच कॅशे उपयोगी पडतो. नुकतीच लिहिलेली फाईल पुन्हा उघडली तर ती डिस्कवरून नाही, मेमरीतूनच मिळते. म्हणूनच "उघडून बघितली, नीट दिसली" ही फाईल डिस्कवर सुखरूप असल्याची खूण नव्हे. तुम्ही बघितलीत ती मेमरीतली प्रत.

आता ही साठलेली पेजेस डिस्कवर जातात कधी? रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट आठवा. ती एका स्कूटरसाठी सुटत नाही. भरली की सुटते, नाहीतर तिची वेळ झाली की अर्धी रिकामी असली तरी सुटते. कर्नलचे नियम असेच दोन आहेत, एक वेळेचा आणि एक गर्दीचा.

वेळेचा नियम असा: पेज कॅशेतला माल डिस्कवर पोचवणारे फ्लशर नावाचे कामकरी धागे, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारी छोटी कामं, कर्नलमध्ये असतात. लिनक्सच्या मूळ ठरावाप्रमाणे ते दर ५ सेकंदांनी जागे होतात आणि ३० सेकंदांहून जुनी झालेली डर्टी पेजेस शोधून लिहायला घेतात. म्हणजे तुम्ही आत्ता लिहिलेला मजकूर, कुणी मुद्दाम घाई केली नाही तर, अर्धा मिनिट आणि वर थोडा वेळ निव्वळ मेमरीत राहू शकतो. आणि ही झाली सुरुवातीची वेळ. डिस्क मंद असेल तर लिहून संपायला लागणारा वेळ त्यावर.

गर्दीचा नियम मेमरीच्या प्रमाणात आहे. डर्टी पेजेस वापरण्याजोग्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेली की फ्लशर वयाची वाट न बघता लिहू लागतात. प्रोग्रामला त्याची जाणीवही होत नाही. तरीही साठा वाढतच राहिला आणि २० टक्क्यांकडे सरकू लागला, तर कर्नल लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच आवर घालतो. पुढचं लिहिण्याआधी त्याला थोडं थोडं थोपवून धरतो, म्हणजे डिस्क जेवढं गिळू शकते त्याच वेगाने नवा माल येईल. हा आवर २० टक्क्यांवर अचानक बसत नाही. दोन्ही मर्यादांच्या मध्यावर, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तो सुरू होतो आणि हळूहळू घट्ट होत जातो. याशिवाय मेमरी अपुरी पडू लागली, किंवा कुणी स्पष्ट हुकूम दिला, तरीही लिहिणं लगेच सुरू होतं. त्या हुकुमाबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हे सगळं डोळ्यांनी बघता येतं. लिनक्सवर "प्रॉक" फोल्डरमध्ये "मेमइन्फो" नावाची फाईल असते. तिच्यात "डर्टी" आणि "राइटबॅक" अशा दोन ओळी आहेत. पहिली सांगते किती मजकूर अजून लिहायला घ्यायचा आहे, दुसरी सांगते किती या क्षणी डिस्ककडे निघाला आहे. एका खिडकीत या ओळी दर सेकंदाला ताज्या होत राहतील असं करा आणि दुसऱ्या खिडकीतून १ गिगाबाइटची फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करा. कॉपीची पट्टी काही सेकंदांत संपते. डर्टीचा आकडा मात्र एव्हाना दहा लाख किलोबाइटच्या घरात चढलेला असतो. मग कधी लगेच, कधी काही सेकंद थांबून, तो उतरू लागतो. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइट लिहीत असेल, तर १ गिगाबाइट उतरायला दीड मिनिटाच्या वर वेळ लागणार. पट्टी संपल्यापासून दोन्ही आकडे खाली येईपर्यंतचा जो काळ, त्यातच आपण पेनड्राइव्ह ओढतो. एकदा हे आकडे उतरताना बघितले की "इजेक्ट" बटणाबद्दलची आपली अधीरता कायमची जाते. इजेक्ट करताना कर्नल त्या पेनड्राइव्हसाठीचं सगळं उरलेलं लिहून काढतो आणि मगच "काढा" म्हणतो. त्याला वेळ लागतोय याचा अर्थ खरंच काम चाललंय.

विंडोजवरून आलेल्यांना पेनड्राइव्ह पटकन उपटायची सवय असते, आणि तिला एक आधारही आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी उशिरा लिहिण्याची सोय मुळातच बंद ठेवलेली असते. तिथे धोका कमी, पण लिहिणं चालू असताना ओढला तर नुकसान तिथेही होतंच. लिनक्सवर, फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह असेल तर, बरेच डेस्कटॉप लवकर लिहायला लागण्याचा पर्याय आपणहून लावतात. एक्सफॅटला ती सोय नाही. दोन्हीकडे इजेक्ट करणं हाच सरळ मार्ग.

टक्क्यांच्या हिशेबाचं दुखणंही याच पेनड्राइव्हमुळे उघडं पडलं. हे प्रमाण ठरलं तेव्हा मेमरी मेगाबाइटमध्ये मोजत. आज १६ गिगाबाइटच्या यंत्रात १२ गिगाबाइट वापरण्याजोगी धरली, तर १० टक्के म्हणजे १.२ गिगाबाइट आणि २० टक्के म्हणजे २.४ गिगाबाइट. वेगवान एसएसडीला हे काही सेकंदांचं काम. १० मेगाबाइटच्या पेनड्राइव्हला मात्र चार मिनिटं. एवढा साठा एका मंद उपकरणासाठी तुंबला की बाकीचे प्रोग्रामही अडकतात. ब्राउझर थिजतो, माउस अडखळतो, आणि माणूस वैतागून पॉवरचं बटण दाबतो, जे त्या क्षणी सगळ्यात वाईट. कर्नल लिहिणाऱ्यांनी यावर टप्प्याटप्प्याने इलाज केले. पूर्वी सगळ्या डिस्कसाठी मिळून एकच कामकऱ्यांचा ताफा होता. २००९ साली २.६.३२ या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा फ्लशर मिळाला, म्हणजे मंद पेनड्राइव्हमुळे हार्ड डिस्कचं काम खोळंबू नये. पुढे २०१२ च्या जानेवारीत आलेल्या ३.२ मध्ये वू फेंगग्वांग यांचं काम दाखल झालं. तोवर मर्यादा ओलांडणाऱ्या प्रोग्रामला कर्नल स्वतःच पेजेस लिहायला जुंपायचा. दहा प्रोग्राम एकाच वेळी डिस्कच्या दहा कोपऱ्यांत लिहू लागायचे आणि सुई इकडून तिकडे धावत राहायची. फेंगग्वांग यांनी ते बंद केलं. प्रोग्रामने फक्त ठरलेला वेळ झोपायचं, लिहिणं फ्लशरने करायचं. ही झोप मोजूनमापून दिलेली असते, एका वेळी फार तर २०० मिलिसेकंद. मला कर्नलच्या या भागातली ही सगळ्यात सुंदर सुधारणा वाटते, कारण तिने कामात भर न घालता कुणी कोणतं काम करायचं एवढंच बदललं. २०१७ च्या ४.१० मध्ये येन्स आक्सबो यांनी आणखी एक आवर घातला, ज्यामुळे पार्श्वभूमीवर चाललेल्या लिहिण्याने तुमचं वाचणं अडू नये.

तुमच्या यंत्रावर हा त्रास अजून होत असेल, तर टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा घालता येते. फ्लशर कामाला लागण्याची खालची मर्यादा काही दहा मेगाबाइटवर आणि वरची शेदोनशेवर आणली, तर कॉपीची पट्टीही बरीच खरी बोलू लागते. स्टुडिओवाल्यांनी हे जरूर करून बघावं. "प्रत्येक गोष्ट लगेच लिही" असा सिंक पर्याय लावून पेनड्राइव्ह जोडण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. वेग रसातळाला जातो, आणि पेनड्राइव्हवरची तीच ती जागा पुन्हा पुन्हा लिहिली गेल्याने त्याचं आयुष्यही घटतं.

आता वीज जाण्याकडे वळू. प्रोग्राम कोसळणं आणि वीज जाणं यांत आपण गल्लत करतो. प्रोग्राम मध्येच बंद पडला, अगदी जबरदस्तीने मारला, तरी त्याने कर्नलच्या हवाली केलेला मजकूर सुरक्षित असतो. पेज कॅशे कर्नलचा आहे, प्रोग्रामचा नाही, आणि फ्लशर आपल्या वेळेला तो लिहितातच. गेला तो फक्त प्रोग्रामने स्वतःकडेच साठवून ठेवलेला, कर्नलला न दिलेला भाग. वीज गेली किंवा कर्नलच कोसळला, तर मात्र पेज कॅशेतलं सगळं डर्टी गेलं. आणि तिसरा साठा डिस्कच्या पोटात असतो. डिस्कलाही स्वतःची छोटी मेमरी असते. तीही "मिळालं" म्हणते आणि मागाहून लिहिते. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडीत वीज गेल्यावर तेवढं लिहून काढण्यापुरते कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती स्वस्त एसएसडीत ते सहसा नसतात.

कर्नलच्या आणि डिस्कच्या साठ्यांतून मजकूर थेट तळाशी उतरवायचा, तर मघाशी म्हटलेला स्पष्ट हुकूम द्यावा लागतो. त्याचं नाव एफसिंक. तो दिला की प्रोग्राम थांबतो, कर्नल त्या फाईलची सगळी डर्टी पेजेस डिस्ककडे पाठवतो, फाईलची लांबी नि जागा यांच्या नोंदी लिहितो, आणि शेवटी डिस्कला तिचा स्वतःचा साठा रिकामा करायला लावतो. हे सगळं पार पडल्यावरच उत्तर येतं. सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना फ्लश केलं की काम झालं असं वाटतं. ते फ्लश प्रोग्रामच्या साठ्यातून कर्नलच्या साठ्यात, एवढंच. डिस्कपर्यंत नेतो तो एफसिंक. एफसिंक महाग आहे, आणि तो प्रत्येक ओळीला दिला तर यंत्र रखडतं. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना तो देतो, म्हणून फिरत्या हार्ड डिस्कवर सुटे सुटे व्यवहार सेकंदाला काही डझनच होतात. त्याच हजार नोंदी एका व्यवहारात बांधल्या की क्षणात जातात.

घाई न करण्याचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, ते २००९ साली दिसलं. ईएक्सटी४ ही लिनक्सवरची नवी फाईलपद्धत, म्हणजे डिस्कवर फाईली मांडून ठेवायची रीत, लोक तेव्हा वापरू लागले होते. ती मजकुरासाठी डिस्कवर जागा नेमण्याचं कामही शेवटच्या क्षणापर्यंत पुढे ढकलते. पुष्कळ प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज जपताना नवी फाईल लिहायचे आणि तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवायचे, मध्ये एफसिंक न देता. जुन्या ईएक्सटी३ मध्ये हे खपून जायचं, कारण ती नाव बदलल्याची नोंद करण्याआधी मजकूर लिहून टाकायची, आणि हे दर ५ सेकंदांनी व्हायचं. ईएक्सटी४ मध्ये नाव बदलल्याची नोंद आधी डिस्कवर जायची आणि मजकूर मागे राहायचा. त्या फटीत यंत्र कोसळलं की जुनी फाईल गेलेली, नवी शून्य बाइटची. लोक चिडले. फाईलपद्धत सांभाळणारे थिओडोर त्सो यांचं म्हणणं होतं की एफसिंक न देणारे प्रोग्रामच चुकतात, आणि नियमाने बघता ते बरोबर होतं. तरीही त्यांनी २.६.३० मध्ये अशी नावबदल ओळखून मजकूर वेळीच डिस्ककडे ढकलण्याची सोय केली. नियम आपल्या बाजूने असतानाही वापरणाऱ्याची फाईल वाचवणं त्यांनी मोठं मानलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. कर्नलने "झालं" म्हटल्यावर अर्ध्या मिनिटाने डिस्कनेच लिहायला नकार दिला, तर हे कुणाला सांगायचं? प्रोग्राम तर कधीच पुढे गेलेला असतो. ठरलेली रीत अशी की पुढच्या एफसिंकला चूक कळवायची. २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लोकांच्या ध्यानात आलं की त्यांचा याबाबतचा समज चुकीचा होता. एफसिंक फसला तर पुन्हा द्यावा, दुसऱ्यांदा यशस्वी झाला म्हणजे मजकूर पोचला, असं ते धरून होते. लिनक्स मात्र लिहिणं फसल्यावर ते पेज डर्टी ठेवत नव्हता, खूण पुसून टाकत होता. दुसऱ्या एफसिंकला लिहिण्यासारखं काही उरलेलंच नसायचं, म्हणून तो "सगळं ठीक" म्हणायचा. मेमरीतली प्रत नवी, डिस्कवरची जुनी, आणि कर्नलच्या लेखी दोन्ही सारख्या. त्यात ४.१३ च्या आधीच्या कर्नलमध्ये ही चूक ज्याने पहिल्यांदा विचारलं त्यालाच कळायची. दुसऱ्याने विचारलं तर काही झालंच नाही असं उत्तर मिळायचं. ते ४.१३ मध्ये सुधारलं होतं, पण खूण पुसण्याचा प्रश्न होताच. २०१९ च्या फेब्रुवारीपासूनच्या पोस्टग्रेसमध्ये एफसिंक फसला की डेटाबेस सरळ स्वतःला बंद करतो आणि पुन्हा सुरू होताना आधीच लिहून ठेवलेल्या नोंदवहीवरून सगळं नव्याने उभारतो. लाखो रुपयांच्या व्यवहाराची शाश्वती द्यायची, तर डेटाबेसला इतकं संशयी असावंच लागतं.

गावात कुणी देवस्थानाच्या, सोसायटीच्या किंवा भजनी मंडळाच्या हिशेबासाठी छोटा प्रोग्राम लिहीत असेल, तर त्याने फाईल जपण्याचा क्रम पक्का बसवावा. मूळ फाईलला हात न लावता शेजारी नवी फाईल लिहायची, तिला एफसिंक द्यायचा, तो फसला तर थांबून माणसाला सांगायचं. मग नाव बदलून मूळ फाईलच्या जागी बसवायचं, आणि शेवटी ज्या फोल्डरमध्ये ती आहे त्या फोल्डरलाही एफसिंक द्यायचा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे विसरतात. फाईलचं नाव फोल्डरमध्ये नोंदलेलं असतं, आणि ती नोंदही स्वतंत्रपणे डिस्कवर जावी लागते. एवढी कसरत नको असेल तर एसक्यूलाइट वापरावं, त्यात हे सगळं आधीच केलेलं आहे.

आणि यूपीएस घेताना दोन गोष्टी बघाव्यात. तो किती मिनिटं चालतो हे सगळे बघतात. बॅटरी उतरायला आली की तो यूएसबी तारेतून संगणकाला तसं कळवतो का, हे मात्र फार थोडे विचारतात. कळवत असेल, तर लिनक्सवर नट नावाची मोफत प्रणाली तो निरोप ऐकून संगणक रीतसर बंद करू शकते. रीतसर बंद होताना कर्नल प्रत्येक डिस्कची उरलेली डर्टी पेजेस लिहून काढतो आणि फाईलपद्धती सोडवतो. हे होणार नसेल, तर रात्री दुकान बंद असताना यूपीएस वीस मिनिटं चालून संपतो, आणि त्या क्षणी कॅशेत जे असेल ते तसंच जातं.